गुळाचं पाणी

गुळाचं पाणी प्याल्याशिवाय चुना धरत नाही, म्हणून मशिदीच्या घुमटासाठी गूळ येत होता. पाऊस मात्र दोन वर्षं आला नव्हता, आणि मजुरांची ज्वारीही आता बंद झाली होती. झोळीतलं लेकरू रडायचं थांबलं, तशी चुना कालवणारी हौसा झोळीकडे धावली. चुन्यासाठी काढलेला गुळाचा खडा तिनं त्याच्या सुकल्या ओठांवर चोळला.

मागे घुमट बांधणारे उस्ताद कासम उभे होते. त्यांनी चुना बोटांत चोळून पाहिला.

“गूळ कमी पडला. घुमटाची ही बाजू गळणार गं.”

“पोर हातचं चाललं होतं, उस्ताद. हाकलू नका.”

उस्तादांनी वर पाहिलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं लखलखत होतं. त्यांनी उरलेला गूळ तिच्या ओच्यात टाकला.

“गळू दे, माय. गळला, तर पाऊस आला म्हणायचं.”