हिरवी नकोत, निळी

फळ्यावर खडूनं लिहिलेला एकच शब्द: नाही.

फरशीवर सांडलेली हिरवी बटणं.

खिडकीत विसरलेला सासूबाईंचा स्टीलचा डबा.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. आणि आत किटलीचं झाकण खडखडतंय.

झाकण खडखडलं म्हणूनच ती थांबली. शर्ट शिवणाऱ्या या कारखान्यात दुपारी ती हे शर्ट घेणाऱ्या कंपनीची तपासणी अधिकारी म्हणून आली होती. आता नुसती डबा न्यायला आली होती. सासूबाईंचा डबा हरवून घरी जायची तिची हिंमत नव्हती. नवरा गल्लीच्या तोंडाशी स्कूटर चालू ठेवून बसला होता.

दारावर पाटी होती: संध्याकाळी सहानंतर काम बंद. पाटी तिनंच लावून घेतली होती. सात वाजत आले होते.

ती बोळातून मागे गेली. मागचं दार नुसतं लोटलेलं. आत पडदे ओढलेले, एकच दिवा, आणि त्याच्याखाली काकू आणि पाच-सहा बाया शर्टांची हिरवी बटणं उसवून निळी लावत होत्या. काकू म्हणजे कारखान्याच्या मालकीण. त्यांना सगळेच काकू म्हणत; कंपनीच्या एका पत्रावरसुद्धा चुकून तेच पडलं होतं.

एकीनं मांडीवरचा शर्ट पाठीमागे लपवला. बाही बाहेरच राहिली.

"पुढं कुलूप कुणी लावलं?"

"भावजींनी," काकू म्हणाल्या. "बंद दिसायला नको का? पाटी आहे ना."

"आग लागली तर ती पाटी वाचत बसणार आहे का? आधी ते काढा."

एक बाई मागच्या दारानं भावजींना, काकूंच्या दिरांना, शोधायला गेली. ती स्वतः काकूंसमोरच्या स्टुलावर बसली.

"काकू, दुपारीच तर शिकवलं. जास्तीचं काम आलं की काय म्हणायचं?"

काकूंनी फळ्याकडे बोट केलं.

"मग?"

"मग काय. तुमची शिकवणी संपली आणि निरोप आला. शिकवणीत गेलेला वेळही भरून काढायचाच होता. म्हटलं, आजचं उरकू. नाही काय, उद्यापासून म्हणू."

बाया माना खाली घालून हसल्या. ती हसली नाही. बायांचं हसूही लगेच विरलं. तिनं अहवालात कुलपाबद्दल एक ओळ लिहिली की कंपनीचं काम दुसऱ्या कारखान्याला जाणार, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"निरोप कुणाचा?"

काकूंनी फोन पुढे केला, मग काहीतरी आठवून मागे घेतला. तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

'काकू, हिरवी नकोत, निळी. सकाळी गाडी येतेय. तुम्हालाच जमेल हे.' शेवटी जोडलेले हात, आणि एक फूल.

फूल पाठवणारा चांगलाच ओळखीचा होता. तिनं बोळाच्या टोकाशी जाऊन हाक मारली, "अहो, जरा आत येता का?"

एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. 'अहो' ऐकूनच त्यानं स्कूटर बंद केली.

तो त्याच कंपनीत खरेदी बघायचा. घरी ऑफिसचं बोलायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं. आत येऊन त्यानं बटणं बघितली, फळा बघितला, बायकोकडे बघायचं टाळलं.

"अगं, सरांनी ऐन वेळी रंग बदलला. मी तरी काय करणार? काकू कधी अडवत नाहीत, म्हणून..."

"म्हणून फूल."

"बसा जावईबापू, चहा घ्या," काकू म्हणाल्या. "त्यांना नको बोलूस पोरी. आम्हीही कुणाला कधी नाही म्हटलं नाही. एकदा नाही म्हटलं की परत कोण विचारतं?"

त्यानं आता बायकोकडे बघितलं. तिनं पटकन नजर वळवली.

"काकू, कुलूप मी लिहिणार," ती म्हणाली. "ते लपवणार नाही. पण त्याच्याखाली हा निरोपही लिहिणार. तुमचं काम काढायच्या आधी कंपनीला आमच्या चुकीकडे बघावं लागेल." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि तू सरांना फोन लाव. सकाळी गाडी नाही."

"आत्ता? इथे?"

"शिकवणी आहे. दुपारी तू नव्हतास."

त्यानं फोन लावला. बायांनी सुया खाली ठेवल्या.

"सर, ते निळ्या बटणांचं... हो, कळवलं... हो, काकू तशा जमवतात, पण..."

एकीनं मोजपट्टी घेऊन फळ्यावर टकटक केली. त्यानं डोळे मिटले.

"नाही, सर. सकाळी नाही होणार. नाही, त्या तयार होत्या. मीच नाही म्हणतोय."

पुढच्या दाराचं कुलूप निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं, आणि टेबलावरचे दोरे वाऱ्यानं हलले.

मग फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला, "बरं. मग कधी होईल?"

त्यानं काकूंकडे बघितलं. काकूंनी बोटं मोजली, थांबल्या, आणि आणखी एक बोट वाढवलं.

"परवा," त्या म्हणाल्या. "सहाच्या आत."

बाया चपला शोधायला लागल्या. तिनं खिडकीतला डबा घेतला. बोळातून बाहेर येताना त्याच्या हातून स्कूटरची किल्ली खाली पडली.

"आण, स्कूटर मी चालवते."

लग्नाचं विचारलं तेव्हा ती त्याला दोनदा नाही म्हणाली होती.