समोरची रांग

या माउलींनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगते, काळजात राहील.

तिकडे परदेशात, विंडसरला एका चर्चच्या बेसमेंटमध्ये ईश्वरबुवांचं एकादशीचं कीर्तन असायचं. मागे टाळ धरायला कॉलेजची पोरं. वर्क परमिट संपली तशी पोरं एकेक करून मायदेशी परतली, ऐकणारेही पांगले. उरला एकटा यशोधन, नव्या परमिटची वाट बघत. त्या दिवशी बुवांनी आख्यान लावलं ते युरोपातल्या १३४९ सालचं.

"प्लेगनं गावंच्या गावं ओस पडली, बाळा. एका मठात साधू समोरासमोर दोन रांगा करून भजन म्हणायचे. एका रांगेनं ओळ म्हणायची, दुसरीनं उत्तर द्यायचं. सगळे गेले, एकच साधू उरला."

"मग बुवा, भजन बंद?"

"छे रे! ओळ म्हणायचा, समोरच्या रांगेत पळत जायचा आणि आपणच उत्तर द्यायचा."

यशोधन हसला. "वेडाच की हो तो!"

"हस लेका, हस. तुझं परमिट आलं ना, की ही वीणा तुझ्याच गळ्यात घालतो बघ."

परमिट काही आलं नाही. पांडुरंगाची इच्छा म्हणायचं, दुसरं काय. यशोधनही मायदेशी गेला.

पुढच्या एकादशीला रिकाम्या बेसमेंटमध्ये बुवांनी "विठ्ठल" म्हटलं, गळ्यातली वीणा सावरत मागे यशोधनच्या जागी जाऊन उभे राहिले, आणि तिथून उत्तर दिलं, "विठ्ठल."

त्या साधूचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आमच्या ईश्वरबुवांचं तेवढं तुम्ही विसरू नका.