पुन्हा मोज

“ही चौकट नको. दुसरी आण,” रूने म्हणाला.

डोक्याचा चकोट करून तो खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर थरथरत होता. थोड्याच वेळात धातूची चौकट चार स्क्रूंनी त्याच्या कवटीला पक्की होणार होती आणि तिच्याच मापावर डॉक्टर मायकेन मेंदूत खोलवर एक बारीक तार सोडणार होती. तार जागेवर पडली की हात शांत. मिलिमीटरभर चुकली, तर वाचाही जायची भीती.

मायकेनने चौकट उलटी केली. तळाशी ‘र’ ठोकलेला होता. “अरे, ही तर तूच केलेली आहे.”

“म्हणूनच नको.”

रुग्णालयाच्या तळघरातल्या कारखान्यात रूनेने तीस वर्षं अशा चौकटी घडवल्या. माणूस भारी खडूस. शेजारच्या लेथवरच्या गुनवोरचा एकही तुकडा त्याने बावीस वर्षांत पहिल्या फटक्यात पास केला नाही. “पुन्हा मोज,” एवढंच म्हणायचा. स्वीडनमध्ये तोंडावर शाबासकी कुणीच देत नाही, हे खरं. पण रूनेने त्यातही कळस गाठला होता. गुनवोरही काही कमी नव्हती. रूनेच्या निवृत्तीआधीची दोन वर्षं ती त्याला सकाळी दहाच्या कॉफीला अर्धाच कप भरून द्यायची. बाई चिक्कू आहे, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

आज ती समोरच उभी होती. चौकट बसवताना तळघरातलं कुणीतरी मोजमापाचं व्हर्नियर घेऊन हजर हवं, हा नियम रूनेचाच. तिने सकाळपासून दोनदा माप घेतलं होतं.

“ही माझी शेवटची चौकट,” रूने खाली बघत म्हणाला. शरमेने त्याचे कान लाल झाले होते. “तेव्हाच हात कापायला लागला होता. मी कुणाला बोललो नाही. तपासणीत माप बरोबर कसं आलं, मलाच कळलं नाही. कपाटात गुनवोरची एक आहे, ती लाव.”

“हीसुद्धा गुनवोरचीच आहे,” गुनवोर म्हणाली.

रूनेने मान वर केली.

“तू चारच्या बसने घरी गेलास की मी नवा तुकडा लेथवर चढवायचे. तुझा भंगारात टाकायचे. ही अख्खी मी केली, अक्षर तेवढं तुझं ठोकलं.”

“तुला माहीत होतं?”

“भरलेला कप तू सगळ्यांसमोर सांडला असतास.”

गुनवोर सवयीने तिसऱ्यांदा व्हर्नियर लावायला वाकली.

“राहू दे मोजणं,” रूने तिला म्हणाला. “मायकेन, बसव.”