पुढची खुर्ची

विमान कंपनीशी जोडलेल्या कॉलेजात प्रवेश घेतला तर नोकरी पक्की होती. पण केतकीला विमान चालवायला कधीच मिळणार नव्हतं. विमानं आता आपोआप उडत. वैमानिकाने फक्त पुढे बसायचं, प्रवाशांना धीर वाटावा म्हणून.

“त्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात जा,” आई म्हणाली. “तिथे निदान ग्लायडर तरी हातात देतात.”

गेल्या वर्षी केतकीचा दादा प्रवासात विमान कोसळून गेला, तेव्हा खर्च वाचवायला पुढची खुर्ची रिकामी ठेवली होती. शेवटपर्यंत यंत्राचा आवाज पट्टे बांधायला सांगत राहिला होता.

“मला विमान वाचवता येणार नाही, आई,” ती म्हणाली. “पण अशा वेळी प्रवाशांशी बोलायला कुणीतरी माणूस हवा.”

आईने तिचा हात घट्ट धरला. मग विचारलं, “कधी निघायचंय तुला?”