काका नावाचा धोका

“मी धोका?” कढईकाकांनी धोक्यांची वही टेबलावर आपटली. “एकतीस वर्षं इथला साबण माझ्या हातून उतरतोय, आणि पोरी, तू मला यादीत आगीच्याही वर बसवलंस?”

साबण कारखान्यात जोखीम अधिकारी म्हणून नुकत्याच लागलेल्या त्या पोरीने वही सरळ केली. नोंद तिचीच होती. धोका क्रमांक एक: कढईतला साबण तयार झाला की नाही, हे फक्त काकांना कळतं. गरम थापीवरून तो कसा घसरतो, एवढंच ते बघतात. लिहून ठेवलेलं काही नाही.

“काका, उद्या आजारी पडलात तर?”

“कधी पडलो नाही.”

“आणि सुट्टी?”

“ती देतंय कोण!” ते म्हणाले आणि त्यांचा हात खिशातल्या फोटोकडे गेला. परगावच्या लेकीला मुलगी होऊन सात महिने झाले होते. नात त्यांनी फोटोतच पाहिली होती.

वहीत एकशे बारा धोके होते. सगळे त्या पोरीनेच शोधलेले. बाकी कुणी वहीत काही लिहीत नसे. वहीत नाव गेलं की नोकरी गेली, असं कामगारांनी धरूनच ठेवलं होतं. मालकीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “सहा महिन्यांत दुसऱ्या कुणी एक ओळ लिहिली नाही, तर वही बंद. तुझी जागाही.”

शेवटी काका साबणाची ती खूण शिकवायला लागले, पण कुरकुरत. ते “आता!” म्हणाले की ती थर्मामीटर वाचायची, वेळ टिपायची. पाळीतल्या दोघी कामगार थापी धरून बघायच्या. पहिल्या दहा कढयांत दोघींनी इतक्या चुका केल्या, की काका खुलले. चाळिसाव्या कढईला दोघींतली धाकटी काकांच्या आधीच ओरडली, “आता!” काकांनी थापी उचलली. साबण अलगद घसरला. त्यांचा चेहरा पडला, आणि मग हळूहळू हसू फुटलं.

“जातो मी नातीकडे,” ते म्हणाले.

दहा दिवसांत त्यांचा एकच फोन आला. साबणाची चौकशी असावी. मागे बाळ इतकं खिदळत होतं की काही कळलं नाही.

परतले ते थेट जोखीमवाल्या पोरीच्या खोलीत. मालकीणबाईंनी दिलेल्या मुदतीचे दोनच दिवस उरले होते. ती टेबल आवरत होती.

“वही आण.”

काकांनी जीभ दातांत धरून बराच वेळ लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली.

धोका क्रमांक एकशे तेरा: ही वही फक्त एकाच पोरीला कळते. सहा महिन्यांत ती एकदाही आईकडे गेलेली नाही.

तिला पुढचं धूसर दिसू लागलं. डोळे पुसून तिने उपायाचा रकाना वाचला: सोमवारपासून सुट्टी घेणे. त्याआधी वही शिकवणे. शिकायला नऊ जण दाराबाहेर उभे आहेत.