आठ नंबरचे बूट

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये गरीब आरोपींचे खटले लढवणाऱ्या सरकारी कचेरीच्या कपाटात आरोपींना कोर्टात घालायला सतरा कोट होते, पण चोरीचा आरोप असलेल्या लोरेटाबाईंच्या मापाचे बूट नव्हते. अंगात झकास कोट आणि पायांत तुरुंगातल्या नारिंगी चपला! त्या दिसल्या की ज्युरी बाईंना खटल्याआधीच चोर ठरवणार, हे उमेदवारी करणारी कायद्याची विद्यार्थिनी रोझलिन ओळखून होती. कोर्टात तिच्या वरिष्ठ वकिलांनी बुटांसाठी मुदत मागितली. "चपलांनी काय फरक पडतो?" विरुद्ध बाजूच्या सरकारी वकीलबाई हसल्या. "नाही पडत? मग तुमचे बूट द्या त्यांना," रोझलिन ताडकन म्हणाली. वकीलबाईंनी चकचकीत बूट खुर्चीखाली घेतले. "मुदत नाही. ज्युरीला बोलवा," न्यायाधीशांनी फर्मावलं. रोझलिननं स्वतःचे बूट काढले. "पोरी, ओरडा खाशील," लोरेटाबाई कुजबुजल्या. "खाईन. आठ नंबरच ना?" दार उघडलं. पायांतल्या नारिंगी चपला पाहून ज्युरीनं नजरेनंच रोझलिनला चोर ठरवलं. तिनं मान आणखी ताठ केली.