घरचं रक्त

गुरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याच्या पिल्लाच्या मागे पितळी ताट दगडावर आपटलं. पिल्लाने मान वळवली नाही. बाकीच्या दोघांचंही तेच.

"तिन्ही बहिरी आहेत," डॉक्टर म्हणाले.

मलप्पा ओट्यावर बसला. उदगीरजवळच्या त्याच्या घरात तीन पिढ्या कारवानी जातीची शिकारी कुत्री होती, सगळी पिवळसर नाहीतर काळी. लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथे आलेल्या एका साहेबांना पांढरंशुभ्र पिल्लू हवं झालं. त्याच्या बदल्यात ते मलप्पाला दुष्काळी कामावर मुकादम करणार होते. म्हणून मलप्पाने कुत्री तिच्याच पोटच्या फिकट रंगाच्या नराला दाखवली होती. पिल्लं पांढरीशुभ्र झाली होती.

असं कसं झालं, त्याने विचारलं. घरातल्या घरात रक्त फिरवलं की हवा तो रंग वर येतो, तसा रक्तात दडलेला दोषही वर येतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

टँकरच्या पाण्याची घागर कडेवर घेऊन नागम्मा दारात उभी होती. मलप्पा तिचा नवरा, आणि तिच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. चौदाव्या वर्षी तिचं त्याच्याशी लग्न लावलं होतं. थोरली गौरा जन्मतः बहिरी निघाली. पोटुशी असताना ग्रहण पाहिलंस, असं सासू, म्हणजे तिची आजीच, सोळा वर्षं ऐकवत आली. नागम्माही ते खरं मानून दर ग्रहणाला उपास धरायची. आता गौरा अंगणात पिल्लांशी खेळत होती. ताट आपटलं तेव्हा तीही दचकली नव्हती.

धाकट्या लेकीचं, सुगलाचं लग्न शिवप्पाशी, म्हणजे नागम्माच्या सख्ख्या भावाशी, ठरलं होतं. अशा दुष्काळात परकं स्थळ कुठे शोधायचं, घरची पोर घरात राहील, असं सगळ्यांचं मत पडलं. नागम्माला कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी बॅग उचलली. पुढच्या खेपेला काय करू, मलप्पाने विचारलं. बाहेरचा नर आणा, डॉक्टर म्हणाले. मलप्पाने लगेच मान हलवली. निलंग्याला एक चांगला नर होता, उद्याच बघून येतो म्हणाला.

नागम्माने घागर खाली ठेवली. परक्या माणसासमोर ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती.

"मग सुगलासाठीबी बाहेरचंच घर बघा, मामा."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिने त्याला मामा म्हटलं नव्हतं.